पलंगाखालची आवृत्ती

मराठी लेखकाने पोटासाठी नोकरी करावी आणि उरल्या वेळात लिहावे, ही रीत इतकी जुनी आहे की तिच्याविषयी तक्रार करावी असेही आता कोणाच्या मनात येत नाही. श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये होते, बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते; मात्र पुस्तकांचे गठ्ठे बांधणे, ते दुकानांत पोचवणे आणि वसुलीसाठी हेलपाटे घालणे हे काम त्या काळी प्रकाशकाचे समजले जाई. स्वतंत्र लेखक, म्हणजे निर्मितीचा खर्च, जोखीम आणि विक्री हे सारे अंगावर घेऊन स्वतःच पुस्तक काढणारा लेखक, नोकरी आणि लेखन यांच्या जोडीला हे तिसरे कामही पत्करतो, आणि त्याची ओढाताण सुरू होते ती तेथून.

पुस्तक सिद्ध करणे त्या मानाने सोपे झाले आहे. पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा तेरा अंकी आयएसबीएन भारतात केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. छपाईचे गणित मात्र फॉर्मवर चालते. फॉर्म म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातली जाणारी सोळा पृष्ठे; त्यामुळे 192 पृष्ठांचे पुस्तक बरोबर 12 फॉर्ममध्ये बसते, आणि मजकूर 195 पृष्ठांवर गेला की तीन पृष्ठे कापायची की जादा फॉर्मचे पैसे मोजायचे, हा प्रश्न संपादक नसलेल्या लेखकापुढे उभा राहतो (तो बहुधा ऋणनिर्देशावर कात्री चालवून सुटतो). शिवाय 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवण्याचे बंधन प्रकाशकावर असते, आणि येथे प्रकाशक म्हणजे तोच तो लेखक.

पाचशे प्रती घरी येतात तेव्हा त्यांचे वजन शंभर किलोंहून अधिक भरते आणि त्या पलंगाखाली सरकवल्या जातात. समजा, पुस्तकाची किंमत 250 रुपये आहे आणि छपाईला प्रतीमागे 90 रुपये पडले आहेत. विक्रेत्याला 40 टक्के कमिशन दिले तर लेखकाच्या हाती 150 रुपये येतात, म्हणजे छपाई वजा जाता 60 रुपये उरतात, तेही हिशेब वेळेवर झाला तर. वाचकाला 20 टक्के सवलत देऊन प्रत थेट पाठवली तर 200 रुपये मिळतात. त्यातून छपाई, टपाल खात्याच्या 2025 साली सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेचे 300 ग्रॅमपर्यंतच्या पुडक्याचे 20 रुपये, त्यावरील कर आणि पाकीट वजा केले तर 85 रुपयांच्या आसपास शिल्लक राहतात. म्हणजे प्रतीमागे 25 रुपये जास्त मिळावेत म्हणून लेखक पत्ते उतरवून घेतो, पुडकी बांधतो, कचेरीला जाण्याआधी टपालाच्या रांगेत उभा राहतो, रात्री खात्यावर पैसे जमा झाले का ते पाहतो आणि ‘अजून पुस्तक पोचले नाही’ या निरोपांना उत्तरे देतो. या हिशेबात त्याच्या वेळेची किंमत कोठेच धरलेली नसते, आणि नोकरीचे तास ठरलेले असल्यामुळे तो वेळ जातो तो लेखनातूनच.

या संदर्भात अरुण कोलटकरांचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. जाहिरात क्षेत्रातील नामवंत कलादिग्दर्शक म्हणून ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल लोकांच्या नजरेत भरवला, तो कवी स्वतःच्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र प्रसिद्धीपासून दूर राहिला. ‘जेजुरी’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह 1976 साली निघाला तो ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच एकत्र येऊन चालवलेल्या प्रकाशनातर्फे, आणि ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह पुढच्या वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने काढला. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा आधार नाकारूनही कोलटकर एकटे पडले नाहीत, कारण काम वाटून घेणारी मित्रमंडळी भोवती होती. ‘भिजकी वही’ 2003 साली आली तीही ‘प्रास’कडूनच. आजचा स्वतंत्र लेखक मोठा प्रकाशक सोडतो तेव्हा त्या जागी अशी मंडळी जमवत नाही, आणि समाजमाध्यमांवर रोज काहीतरी टाकत राहिल्याने ती उणीव भरून निघेल असे समजतो. हा समज चुकीचा आहे. चार लेखकांनी मिळून एकच विक्रीयादी ठेवली, पुडकी बांधण्यासाठी महिन्यातून दोन रविवार राखून ठेवले आणि दिवाळीपूर्वीचे दोन महिने सोडून एरवी जाहिरातीला हात लावला नाही, तर विक्री फारशी घटण्याचे कारण नाही, आणि लिहिण्याच्या संध्याकाळी मात्र परत मिळतील.

या खटाटोपात बाहेरून मदत करू शकणारा घटक एकच, आणि तो म्हणजे ओळखीचा वाचक. प्रकाशनपूर्व सवलत, म्हणजे छपाईआधी पैसे भरणाऱ्याला कमी किमतीत प्रत देण्याची जुनी पद्धत, याच वाचकाच्या भरवशावर चालते, आणि ‘सप्रेम भेट’ असे लिहिलेली प्रत हक्काने मागणाराही बहुधा तोच असतो. तेव्हा परिचयातील कोणाचे पुस्तक निघाल्याचे कळले, तर अभिनंदनाच्या निरोपाबरोबरच किंमत विचारावी आणि पैसे पाठवताना पत्ता पिनकोडसह लिहावा.