दोन गोल आणि एकशे चौसष्ट वर्षे

स्त्रियांच्या खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिल्या प्रकारची माणसे उघडपणे नाके मुरडतात. दुसऱ्या प्रकारची माणसे अधिक सभ्य असतात. ती म्हणतात, "मुलींनी जरूर खेळावे, पण खेळाचा दर्जा म्हणून काही असतो की नाही?" पहिल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांशी मात्र तो घातलाच पाहिजे. कारण त्यांच्या बोलण्यात तर्काचा आभास असतो आणि मैदान कोणाला, किती वेळ द्यायचे याचे निर्णय बहुधा याच मंडळींच्या हाती असतात.

या वादासाठी मी मुद्दामच एक दूरचे उदाहरण घेते. जवळच्या उदाहरणात आपले हितसंबंध आणि रागलोभ गुंतलेले असतात. लांबचे थोडे स्वच्छ दिसते. हे उदाहरण आहे मेलबर्न फुटबॉल क्लबच्या महिला संघाचे.

मेलबर्नचे मैदान आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून शतक झळकावले ते याच मैदानावर. पण त्या शहराचा खरा जीव आहे तो 'ऑस्ट्रेलियन रूल्स' नावाच्या त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये. लंबवर्तुळाकार मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच गुण. हातात चेंडू घेऊन धावता येते, उंच उडी मारून तो झेलता येतो आणि अंगावर येणाऱ्याला झेलावेही लागते.

या खेळाचे जन्मस्थान आणि मेलबर्न क्लबचे जन्मस्थान जवळजवळ एकच. जुलै १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका क्रीडा-साप्ताहिकाला पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. क्लब निघाला. मे १८५९ मध्ये विल्स आणि त्याच्या काही सोबत्यांनी मिळून दहा नियम लिहून काढले. जगातील अत्यंत जुन्या फुटबॉल क्लबांत मेलबर्नची गणना होते, ती यामुळे.

आता दर्जाच्या प्रश्नाकडे येतो. ऑगस्ट १८५८ मध्ये मेलबर्नमधील दोन शाळांमध्ये एक प्रसिद्ध सामना झाला. प्रत्येक बाजूला चाळीस खेळाडू, दोन गोलांमधील अंतर सुमारे अर्धा मैल, आणि पंच म्हणून स्वतः विल्स आणि डॉ. जॉन मॅकॅडम. हा सामना निरनिराळ्या तीन दिवशी खेळला गेला आणि अखेर एक-एक गोलवर अनिर्णित राहिला. तीन दिवसांत दोन गोल! आज त्या सामन्याचे स्मारक म्हणून मेलबर्नच्या मैदानाबाहेर शिल्प उभे आहे. त्याला कोणी 'कमी दर्जाचा सामना' म्हणत नाही, 'आरंभ' म्हणतात.

याच क्लबच्या महिला संघाने २७ नोव्हेंबर २०२२ रोजी क्वीन्सलंडमधील स्प्रिंगफील्ड येथे ब्रिस्बेनचा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळवले. गुणफलक होता १९ विरुद्ध १५; म्हणजे दोन्ही संघांचे दोन-दोन गोल, आणि फरक काय तो बाजूच्या खांबांतून गेलेल्या चेंडूंचा. हाच गुणफलक पुढे करून दर्जावादी मंडळी विचारतात, "पाहा, अंतिम सामन्यात दोनच गोल! याला फुटबॉल म्हणायचे?"

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर १८५८ सालातच आहे. कुठलाही खेळ आरंभी बचावाचा असतो. चेंडू अडवणे आधी शिकता येते. अडवणाऱ्यांतून वाट काढणे पुष्कळ सरावाने येते. पुरुषांच्या खेळाला दीड शतकाचा सराव मिळाला. महिलांच्या राष्ट्रीय लीगला २०२२ मध्ये पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. शिवाय मैदानावर सोळाच खेळाडू आणि डावांचा वेळही पुरुषांपेक्षा कमी. कमी वेळ द्यायचा आणि गुण कमी का म्हणून विचारायचे, हा न्याय मला तरी अजब वाटतो.

सरावाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लीगचा पहिला सामना ३ फेब्रुवारी २०१७ रोजी कार्ल्टन आणि कॉलिंगवूड यांच्यात झाला. चोवीस हजारांहून अधिक प्रेक्षक आत आले आणि दरवाजे बंद करावे लागले. त्या पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंचे मानधन साडेआठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होते. साहजिकच कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी विद्यार्थिनी. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सराव. मेलबर्नची कर्णधार डेझी पीअर्स ही व्यवसायाने सुईण. तिने २०१९ साली जुळ्यांना जन्म दिला, त्यासाठी तो हंगाम सोडला, पुढच्या वर्षी ती मैदानात परतली आणि चौतिसाव्या वर्षी तिने तो चषक उचलला. तो तिचा शेवटचा सामना ठरला. पुढे ती पुरुषांच्या जिलाँग संघाची सहायक प्रशिक्षक झाली आणि २०२४ पासून वेस्ट कोस्टच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक. अशा खेळाडूंची तुलना अठराव्या वर्षापासून फक्त फुटबॉलच खेळणाऱ्या पुरुषांशी करताना थोडा विचार करायला नको काय?

विरोधकांचा दुसरा मुद्दा पैशाचा असतो. महिलांच्या सामन्यांना पहिल्यासारखी गर्दी उरलेली नाही, आणि २०१७ व २०१९ मधील मोठी गर्दी विनामूल्य प्रवेशामुळे होती, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. २०१९ चा अंतिम सामना पाहायला ॲडलेड ओव्हलवर ५३,०३४ लोक जमले. तेथे प्रवेश विनामूल्य होता. २०२२ मधील तो अंतिम सामना मात्र नव्याने बांधलेल्या लहानशा मैदानावर सात-साडेसात हजारांपुढे झाला. पण गर्दी आणि गुण यांवरच संघाचे जगणे-मरणे ठरवायचे असेल, तर मेलबर्नच्या पुरुष संघाचे काय? १९६४ मध्ये विजेतेपद मिळवल्यानंतर पुढचे विजेतेपद त्यांना २०२१ मध्ये लाभले. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली! १९९६ मध्ये तर हॉथॉर्न क्लबमध्ये त्याचे विलीनीकरण करण्याचा घाट घातला गेला होता. हॉथॉर्नच्या सभासदांनी नकार दिला म्हणून तो क्लब वाचला. या सत्तावन्न वर्षांत मेलबर्न हरते म्हणून लोक चिडले, हळहळले. पण "पुरुषांना फुटबॉल जमत नाही" असा निष्कर्ष कोणी काढला नाही. पुरुष हरतात तेव्हा एक संघ हरतो. स्त्रिया चुकतात तेव्हा मात्र सारी स्त्रीजात चुकते. माझा खरा आक्षेप या मापाला आहे.

आता तिसरा मुद्दा. आणि तो दर्जावाद्यांपुढे नव्हे, तर महिला खेळाच्या हितचिंतकांपुढे मांडायचा आहे. "महिलांचा फुटबॉल २०१७ मध्ये सुरू झाला," असे हे हितचिंतक मोठ्या कौतुकाने सांगतात. ही गोष्ट खरी नाही. १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, पर्थ शहरात दुकानांत काम करणाऱ्या मुली हा खेळ खेळल्या होत्या. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात महिलांची स्वतंत्र लीग अवघ्या चार संघांनिशी उभी राहिली. १९९३ मध्ये डेबी ली या खेळाडूने सेंट अल्बान्स येथे महिलांचा क्लब काढला. पुढे लीगचे अध्यक्षपद सांभाळून आणि मेलबर्न क्लबमध्ये काम करून तिने २०१३ मधील त्या सामन्याची वाट मोकळी करण्यात मोठा वाटा उचलला. २९ जून २०१३ रोजी मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज यांच्या महिला संघांचा प्रदर्शनीय सामना मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर झाला आणि क्लबच्या लाल-निळ्या रंगात स्त्रिया प्रथमच तेथे उतरल्या. टॉम विल्सच्या पत्रानंतर पंचावन्न नव्हे, एकशे पंचावन्न वर्षांनी!

डेझी पीअर्स घडली ती डॅरेबिन फाल्कन्स या महिलांच्या छोट्या क्लबात. तेथे खेळाडूच वर्गणी भरत होत्या. मोठ्या क्लबांनी महिला संघ काढले, त्यांना मैदान मिळाले, डॉक्टर मिळाला, दूरदर्शनवर जागा मिळाली. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर मोठ्या क्लबाचा इतिहास त्यांच्या अंगावर चढला आणि त्यांचा स्वतःचा इतिहास मात्र तळटीपेत गेला. १८५८ चा वारसा स्त्रियांना द्यायचा, तर १९८१ चा वारसाही क्लबाने आपला म्हणून स्वीकारला पाहिजे. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी हवे. नाहीतर तो सन्मान नव्हे, निव्वळ आश्रय होईल.

हे सारे ऑस्ट्रेलियाचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडेही असेच घडले आहे. महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली, ती अवघ्या तीन संघांची. कित्येक वर्षे खेळाडू स्वतःच्या खर्चाने, रेल्वेच्या साध्या डब्यातून सामन्यांना जात. क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचा कारभार आपल्याकडे घेतला तो २००६ मध्ये. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नच्या त्याच मैदानावर ८६,१७४ प्रेक्षकांसमोर सांगलीची स्मृती मानधना आणि तिच्या सहकारी विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा साऱ्या देशाने दिवाळी केली. त्या दिवाळीत १९७३ च्या तीन संघांची आठवण किती जणांना झाली? पुण्यातील त्या स्पर्धेत 'दर्जा' शोधणाऱ्यांच्या हाती निर्णय असता, तर नवी मुंबईचा तो दिवस उजाडलाच नसता.

म्हणून माझे म्हणणे दोनच वाक्यांचे आहे. दर्जा ही मैदान मिळवण्याची अट असू शकत नाही. दर्जा हे मैदान मिळाल्याचे फळ असते. आणि ज्यांनी फळ येण्याआधी पाणी घातले, त्यांची नावे झाडाच्या इतिहासात असली पाहिजेत.

महाविद्यालयांचे वार्षिकांक चाळून पाहा. जिमखान्याच्या अहवालात मुलांच्या क्रिकेट, कबड्डी आणि व्हॉलीबॉल संघांची कामगिरी नावांनिशी, गुणांनिशी दिलेली असते. मग शेवटी एक परिच्छेद येतो. त्याचा पहिला शब्द बहुधा 'याशिवाय' असा असतो आणि त्यात मुलींचे सगळे संघ दोन ओळींत आटोपतात. संध्याकाळी मैदान मुलांकडून रिकामे होईपर्यंत थांबून, उरलेल्या उजेडात खो-खोचा सराव करणाऱ्या मुलींची नावे कोणाला कळत नाहीत. पन्नास वर्षांनी कोणी या मैदानाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्यापुढे हे अहवालच असतील. निदान या वर्षीचा अहवाल लिहिणाऱ्यांनी 'याशिवाय' हा शब्द खोडून टाकावा आणि त्या जागी मुलींची नावे लिहावीत. त्याला ना जास्त पैसा लागतो, ना जास्त मैदान.