कर नाही, तरी डर

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी तीनदा वाचले. लिहिणाऱ्या भगिनींनी सहा वर्षे सासूबाईंची शुश्रूषा केली. आता पतिपत्नीचा वाद कौटुंबिक न्यायालयात आहे आणि त्या माहेरी राहतात. सासूबाई ७८ वर्षांच्या. स्मृती अलीकडे बरीच क्षीण झालेली. ‘माझ्या पाटल्या सुनेने नेल्या,’ असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, आणि पतीच्या लेखी जबाबातही तेच वाक्य उतरले आहे. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी तोडगा सुचवला: दोघींचीही लाय डिटेक्टर चाचणी करा, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. भगिनी लिहितात, ‘मी तयार आहे. कर नाही त्याला डर कशाला? पण सासूबाईंना पेसमेकर आहे, रक्तदाबाच्या गोळ्याही चालू आहेत. त्यांना त्रास तर होणार नाही ना?’

ज्या घराने आळ घेतला त्याच घरातल्या वृद्ध जिवाची ही काळजी वाचून मन भरून आले. तरीही त्यांच्या त्या म्हणीशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण वैद्यकीय आहे.

पॉलिग्राफ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र १९२१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, पोलीस खात्यात काम करणाऱ्या जॉन लार्सन यांनी सिद्ध केले. दंडाला रक्तदाब मोजण्याची पट्टी, छाती व पोटाभोवती श्वास टिपणारे पट्टे, बोटांना घामामुळे त्वचेत होणारा बदल टिपणारी जोडणी, एवढाच त्याचा संसार. प्रश्न विचारताना नाडी, श्वास आणि घाम यांत काय फरक पडतो, तेवढे ते नोंदवते. खोटे बोलण्याची अशी स्वतंत्र खूण शरीरात नाही. छाती धडधडते ती भीतीने, संतापाने, अपमानाने, किंवा केवळ ‘माझ्यावर विश्वास नाही’ या जाणिवेनेही. म्हणजे हे यंत्र डर मोजते. कर केले की नाही, हे त्याला कळत नाही. सहा वर्षे सेवा केलेल्या बाईला ‘पाटल्या तुम्ही घेतल्या का?’ असे विचारल्यावर तिचा श्वास संथ राहील, असे कोण म्हणेल?

वृद्ध शरीरात तर ही नोंद आणखीच गोंधळते. पेसमेकर असलेल्या हृदयाचा ठोका पुष्कळदा यंत्रानेच राखलेला असतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग मुद्दाम आवरून धरतात. जुन्या मधुमेहात मज्जातंतू दुबळे झाल्याने हातापायांना घाम कमी येतो. दम्याच्या रुग्णाचा श्वास मुळातच अनियमित. (अशा चाचणीसाठी कुणी ‘दोन दिवस गोळ्या बंद ठेवा’ असे सुचवले, तर मुळीच ऐकू नये. या गोळ्या एकदम थांबवणे हृदयाला धोक्याचे ठरू शकते.)

आणि सासूबाईंच्या बाबतीत तर मूळ प्रश्नच निराळा आहे. स्मृतिभ्रंशात वस्तू ठेवल्याची आठवण पुसली जाते, मग ती वस्तू कुणीतरी नेली असे मन स्वतःलाच समजावते. आळ बहुधा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर, म्हणजे सेवा करणाऱ्यावरच येतो. असे बोलणे असत्य असेल, पण ते खोटे बोलणे नव्हे; सांगणाऱ्याला ते मनापासून खरे वाटत असते. समजा, यंत्राने ‘सासूबाई खोटे बोलत नाहीत’ असा निर्वाळा दिला. मग सूनबाईंनी काय करावे?

आता कायद्याविषयी. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात स्पष्ट केले की, कोणाचीही संमतीवाचून अशी चाचणी घेता येणार नाही, मग प्रकरण गुन्ह्याच्या तपासाचे असो वा अन्य कोणतेही. संमती दिली, तरी केवळ चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. संमतीसाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्यात, असा न्यायालयाचा आग्रह आहे. त्यांत वकिलाचा सल्ला आणि दंडाधिकाऱ्यांसमोर संमतीची नोंद या गोष्टी येतात. त्या सूचना आरोपींच्या संदर्भातल्या आहेत हे खरे, पण ज्यांना आजचा वारही निश्चित सांगता येत नाही, त्यांची संमती घरच्यांनी परस्पर गृहीत धरावी, हे मला अजिबात पटत नाही.

यावर कुणी १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम १४ दाखवतील. वाद सोडवण्यास साहाय्यभूत वाटेल तो अहवाल, एरवी पुराव्याच्या नियमांत बसत नसला तरी, न्यायालय पाहू शकते, असे ते कलम सांगते. परंतु पाहण्याची मुभा म्हणजे विश्वास ठेवण्याची सक्ती नव्हे. शिवाय, खासगी चाचणीत आलेखाची एक रेघ वर गेली, तर न्यायालयाने तो कागद बाजूला ठेवला तरी नातेवाईक तो विसरत नाहीत. त्याच अधिनियमातले कलम १२ मला अधिक मोलाचे वाटते. त्यानुसार न्यायालय वैद्यकीय व समाजकल्याण तज्ज्ञांचे साहाय्य घेऊ शकते. सासूबाईंच्या स्मृतीची रीतसर तपासणी झाली, तर त्यांच्या त्या वाक्याला किती वजन द्यावे, हे न्यायाधीशांना ठरवता येईल. आणि त्यांच्यावर उपचारही सुरू होतील, जे आजवर झालेले दिसत नाहीत.

म्हणून भगिनींना मी कळवले आहे की, चाचणीला नकार द्यावा आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नये. पाटल्या पूर्वी बँकेत असत, असे पत्रात आले आहे. लॉकर कोणी, कोणत्या दिवशी उघडला याची नोंद बँकेकडे असते. ती मिळवण्याचा मार्ग वकिलांना विचारावा. आणि एक घरगुती सूचना. स्मृती हरपत चाललेली माणसे मोलाची वस्तू जपून ठेवतात, फार जपून. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची फळी, जुन्या लुगड्यांची घडी एकदा पाहायला पतींना सांगावे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.