कोयता लागलेलं रान

मध्यंतरी बरेच दिवस काही लिहिणं झालं नाही. एप्रिलमध्ये लेकीकडे केंब्रिजला जाऊन आले, परत आल्यावर इथला उकाडा, मग लग्नसराई, मग पाऊस... कारणं काय, हवी तेवढी असतात. खरं कारण वेगळंच आहे. तिथल्या एका रानात मला जे वाटलं ते लिहायचं तर घरातला एक जुना विषय उघडावा लागणार होता, आणि हे वाचणाऱ्यांत निम्मे तरी आमच्याच घरातले! तेव्हा दादा, वहिनी, आधीच सांगते, रागावू नका. शेवटपर्यंत वाचा, मग फोन करा.

तर झालं असं. लेकीला रविवारची सुट्टी होती. "आई, लंडनला जाऊया का?" म्हणाली. म्हटलं, माणसं खूप पाहिली, मला झाडं दाखव. मग तिने गाडी काढली आणि आम्ही सफोक परगण्यात ब्रॅडफिल्ड वुड्सला गेलो. केंब्रिजहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, सरसोंसारखी पिवळीधम्मक, मधूनच एखाद्या चर्चचा चौकोनी बुरुज. त्या भागात डोंगर म्हणाल तर औषधालाही नाही.

इंग्लंडमधलं रान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय होतं? गोष्टीतल्या पुस्तकातलं. प्रचंड ओक, खाली शेवाळ, कुणाचाही हात न लागलेलं, धीरगंभीर वगैरे. आत शिरल्यावर पहिली दोनशे पावलं तसंच वाटलंही. शांत म्हणजे इतकं शांत, की आपल्याच जॅकेटची सळसळ ऐकू यावी. आणि मग वळण घेतलं, तर समोर उघडं बोडकं मैदान! अर्धा-पाऊण एकरातली झाडं पार बुडाशी कापलेली. खुंटच खुंट. बाजूला बांबूसारख्या सरळ काठ्यांच्या रचलेल्या राशी. मला अक्षरशः धस्स झालं. "अगं, हे राखीव जंगल ना? इथे कोण तोडतं?" लेक म्हणाली, "आई, पाटी वाच."

पाटी वाचली. नंतर घरी आल्यावर लेकीच्या कपाटातलं ऑलिव्हर रॅकहॅमचं पुस्तकही वाचलं, आणि तेव्हापासून डोकं त्याच विषयात अडकलंय.

हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं. 1252 पासून इथल्या तोडीच्या नोंदी सापडतात. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हापासून हे रान कापलं जातंय, आणि अजून उभं आहे! पद्धत अशी. हेझल, अ‍ॅश असली झाडं बुडाशी कापायची. मुळं जिवंतच असतात, त्यामुळे वसंतात खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात, सरळसोट, एकाच वेळी दहा-पंधरा. काही वर्षांनी, हेझल लवकर, अ‍ॅश वीस-पंचवीस वर्षांनी, ते पुन्हा कापायचे. सगळं रान एकदम नाही, दरवर्षी एकेक तुकडा. मधले थोडे ओक मात्र वाढू द्यायचे, घराच्या तुळयांसाठी. याला ते कॉपिस म्हणतात. काठ्या म्हणजे सरपण, कुंपण, अवजारांचे दांडे. ओक म्हणजे इमारती लाकूड. हे दोन वेगळे हिशोब आपल्या आजीलाही पाठ होते.

गंमत म्हणजे असं कापलेलं झाड मरत नाही, उलट जास्त जगतं. एरवी अ‍ॅशचं आयुष्य दोन-तीनशे वर्षांचं. पण ब्रॅडफिल्डमध्ये अ‍ॅशचा एक खुंट आहे, कापून कापून कडेकडेने पसरत गेलेला, मधून पोकळ. त्याचं वय हजार वर्षांच्या आसपास धरतात. मी त्या जातीच्या खुंटांपाशी उभी होते तेव्हा मला देवळातल्या मूर्तीपुढे वाटतं तसं काहीतरी वाटलं, आणि लगेच हसू आलं. कारण ही मूर्ती शंभर पिढ्यांनी नाही, कोयत्याने घडवलेली.

आणि फुलं? कापलेल्या जागी ऊन पोचतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमिनीत दबून राहिलेलं सगळं वर येतं. फिकट पिवळी ऑक्सलिप, पांढरी अ‍ॅनिमोन. मी ज्याला उघडं बोडकं म्हटलं त्याच्या शेजारच्या, दोन वर्षांपूर्वी कापलेल्या तुकड्यात पाय ठेवायला जागा नव्हती इतकी फुलं होती. नाइटिंगेलला लागते ती दाट झुडपंही अशा कापलेल्या रानातच तयार होतात, आणि डॉरमाउस नावाचा चिमुकला झोपाळू उंदीरही त्यांच्यातच रमतो.

एक म्हातारेसे गृहस्थ एका ओंडक्यावर बसून काठ्यांना टोकं काढत होते. हातात काय, तर कोयता! बिलहुक म्हणतात म्हणे, पण कोयताच तो, पुढे वाकडं नाक असलेला. मी टक लावून पाहतेय म्हटल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. तोड हिवाळ्यातच करतात, एप्रिलमध्ये फक्त आवराआवर, असं म्हणाले. ताज्या खुंटांवर काटक्यांचे ढीग घातले होते. ते कशाला? तर हरणांनी कोंब खाऊ नयेत म्हणून. त्यातलं सगळ्यात खोडकर हरीण मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलत भाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणा बड्या सरदाराने हौसेने आणून बेडफर्डशरमध्ये पाळला आणि मग तो सगळीकडे पसरला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते नंतरच्यांना मोजावं लागतं.

आता जरा मुद्द्याचं. माझी अशी पक्की समजूत होती की जंगल मरतं ते तोडीने. रॅकहॅम (हे केंब्रिजचेच, 2015 साली गेले) आयुष्यभर जुन्या दप्तरांतून आणि प्रत्यक्ष चिखल तुडवून सांगत राहिले की इंग्लंडची जुनी रानं जहाजांनी किंवा लोखंडाच्या भट्ट्यांनी संपवली नाहीत. ज्या धंद्याला दरवर्षी लाकूड लागतं तो धंदा रान सांभाळतो. रान संपतं ते मुळासकट उखडून तिथे दुसरं काही केल्यावर. ब्रॅडफिल्डचंच घ्या. मठ 1539 मध्ये बुडाला, मालक बदलले, तोड चालू राहिली. विसाव्या शतकातसुद्धा शेजारच्या लिटल वेल्नेथम गावात गवत ओढायची दाताळी करण्याचा कारखाना होता, त्याला इथलं अ‍ॅश जायचं. आणि सातशे वर्षं कापूनही जे संपलं नाही, त्याचा मोठा भाग 1960 च्या दशकात काही वर्षांत गेला. कुणी कापून नेला नाही. बुलडोझर लावून उखडला आणि शेत केलं. उरलेलं 1970 साली एका निसर्गसंस्थेने विकत घेतलं म्हणून मला दिसलं.

इथे सगळं गोडगुलाबी होतं असं मुळीच नाही हं. रान मठाचं होतं, गावाचं नव्हे. रानाभोवती आजही मातीचा बांध आणि बाहेरून चर दिसतो, मध्ययुगातला. तो गुरांना आणि हद्द ओलांडणाऱ्यांना अडवायलाच. पण बांध घालावासा वाटला, कारण आतल्या काठीला किंमत होती. हे वाक्य मी परतीच्या वाटेवर लेकीला दोनदा म्हणून दाखवलं, ती म्हणाली, "आई, कळलं."

दुपारी जवळच्या लॅव्हनमला गेलो. (भाच्यांनो, हॅरी पॉटरच्या 2010 सालच्या सिनेमात हॅरीच्या आईवडिलांच्या गावासाठी याच गावातली घरं वापरली आहेत.) निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांत गणलं जायचं. मग धंदा बसला, लोकांना नवी घरं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनी राहिली. घरं वाकडी, एकमेकांना टेकलेली, दुपारच्या जेवणानंतर पेंगणाऱ्या पाहुण्यांसारखी. एका घराच्या भिंतीचा थोडा भाग मुद्दाम उघडा ठेवून त्यावर काच लावली होती. आत पाहिलं तर ओकच्या चौकटीत विणलेल्या काठ्या आणि वर मातीचा गिलावा. अहो, कूड! कारवीच्या जागी हेझल, इतकाच फरक. गावच्या घरी मागच्या पडवीला होता तो, शेण-मातीने सारवलेला, ज्याला टेकून काका पान लावायचे. मला तिथे, त्या काचेपुढे, एकदम रडू आलं. लेक घाबरली. तिला वाटलं मला चक्कर येतेय.

रडायला कारण होतं. 1989 साली, कॉलेजात असताना, मी उन्हाळ्यात गावी गेले होते. काका वरकसातल्या ऐनावर चढून टहाळ उतरवत होते, राबासाठी. मी शहरातून पर्यावरणाची दोन व्याख्यानं ऐकून आलेली. खाली उभी राहून, चार माणसांसमोर म्हणाले, "काका, तुम्ही झाडांचे लचके तोडता." काका खाली उतरले. रागावले नाहीत. ऐनाच्या बुंध्याला हात लावून एवढंच म्हणाले, "बाय, ह्या झाडाला माझ्या आज्यानं कोयता लावलाय. आणि झाड हाय ना हितं?" मला ते अडाणीपणाचं उत्तर वाटलं. ते त्यांना जन्मभर आठवत होतं हे मला काकूने ते गेल्यावर सांगितलं.

आणि पुस्तकी माणसं किती जुनी चूक करतात पाहा. 1878 चा जंगल कायदा झाला तेव्हा सरकारी जंगलखात्याला हा राब म्हणजे नासधूसच वाटायची. ठाणे-कुलाब्यातल्या लोकांनी (कुलाबा म्हणजे आत्ताचं रायगड) इतकी ओरड केली की 1885 मध्ये त्यासाठी सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब भाजावा की नाही यावर आजचे शेतीतज्ज्ञ वेगळं बोलतील, तो माझा विषय नाही. पण ज्यांच्या देशात कोयता लावलेलं रान शेकडो वर्षं टिकलं होतं, त्यांना आमच्या कोयत्यात फक्त नासधूस दिसली, आणि शंभर वर्षांनी मलाही तीच!

आता दादा, तुझा विषय. आपल्या दोन एकर वरकसाला फार्महाऊसवाल्यांची मागणी आली आहे आणि तुला माझी सही हवी आहे. गेली दोन वर्षं मी काय म्हणत होते? विकायचं नाही, तारेचं कुंपण घालू, कुणालाही हात लावू द्यायचा नाही, आपोआप जंगल होईल. तू म्हणायचास, नुसतं ठेवून काय करायचंय? तेव्हा मला तुझा राग यायचा. आता वाटतं, तुझा प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकीचं होतं. माझं उत्तरही चुकीचंच. ज्या रानात कुणी जात नाही, ज्याची काठी कुणाला लागत नाही, ते विकायला एका पिढीचा उशीर होतो इतकंच. आपली मुलं कुंपणाबाहेरून फोटो काढतील आणि मग सही करतील.

देवरायांचं काय, असं कुणी विचारेल. तिथे कोयता लागत नाहीच. खरंय, पण तिथे देव आहे, जत्रा आहे, भीती आहे. गावाचं तिथे काही अडकलेलं आहे. आपल्या वरकसात आता कुणाचंच काही अडकलेलं नाही. घरात गॅस आला, रोपांना खत विकतचं आलं, काका गेले. ऐनांचे शेंडे आता उंच गेलेत म्हणे, खाली घाणेरी माजली आहे.

ब्रॅडफिल्डचं सगळं छान चाललंय असंही समजू नका. अ‍ॅशला एका बुरशीचा रोग आलाय, ब्रिटनमध्ये तो 2012 साली सापडला, शेंड्याकडून झाड वाळत येतं. त्या भागात अ‍ॅश भरपूर. मी त्या कोयतेवाल्या गृहस्थांना विचारलं, मग आता काय? त्यांनी खांदे उडवले. काही मरतील, काही तगतील, पुढच्या हिवाळ्यात पलीकडचा तुकडा कापायचाय, म्हणाले. आणि परत टोकं काढायला लागले.

मी सही करणार नाही. पण कुंपणाचंही आता बोलणार नाही. माझं म्हणणं असं की वरकसाचे आठ-दहा तुकडे पाडू, दरवर्षी एकाचा टहाळ आणि काठ्या उतरवू. खाली घाणेरी काढून जागा मोकळी करू. वाडीवरची दोन घरं अजून सरपण लांबून आणतात, त्यांना न्यायला सांगू. नाचणी-वरीचा एखादा तुकडा करून पाहू. पैसा फार होणार नाही, हे मलाही कळतं. फार्महाऊसवाल्याच्या आकड्यापुढे हे हास्यास्पद आहे. दादाला परवा फोनवर एवढं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण ऐनावर चढणार कोण?"

वाडीवर विचारते म्हटलं. काकांचा कोयता माळ्यावर आहे, दांडा तेवढा नवा बसवावा लागेल.