‘ले बॉन’ : मालकिणीच्या चांगुलपणाचा प्रश्न

ज्याँ जने यांचे ‘ले बॉन’ हे नाटक लुई जुव्हे यांनी १९४७ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आणले. तेव्हापासून त्याची चर्चा मुख्यतः दोन अंगांनी होत आली आहे. ल मां या गावी १९३३ मध्ये घरकाम करणाऱ्या पापँ भगिनींनी मालकीण व तिची मुलगी यांचा केलेला खून, हे एक अंग. सार्त्र यांनी १९५२ च्या आपल्या जनेविषयक ग्रंथात केलेली भास आणि वास्तव यांच्या भ्रमणाची मीमांसा, हे दुसरे. पहिल्या वाचनात नाटक मनोविकृतीचे प्रकरण ठरते, दुसऱ्यात अस्तित्वविषयक खेळ. दोहोंत घरकाम मात्र दिसेनासे होते. हे नाटक नोकरांची कैफियत नव्हे, असे खुद्द जने यांनी सांगून ठेवल्यामुळे समीक्षकांची सोयच झाली आहे. लेखकाचे असे विधान अखेरचे का मानावे?

मालकीण बाहेर गेली की क्लेअर मालकीण होते आणि तिची बहीण सोलांज क्लेअर होते. खेळाचा शेवट मालकिणीच्या खुनात व्हायचा असतो. पण साजशृंगारात व शिव्याशापांत वेळ सरतो आणि गजर वाजतो. प्रेक्षक आता एखाद्या क्रूर स्त्रीची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात प्रवेश करते ती एक प्रेमळ, काहीशी नाटकी बाई. आपला प्रियकर तुरुंगात आहे या दुःखात ती क्लेअरला आपला पोशाख आणि सोलांजला फरचा कोट देऊन टाकते. (त्याला तुरुंगात धाडणारी निनावी पत्रे याच बहिणींची, हे तिला ठाऊक नाही.) तो सुटल्याची वार्ता कळताच निघताना ती तो कोट परत घेते. देताना जी सहजता, तीच घेताना. नाटकातील वर्गीय ताण या क्षणी सर्वांत उघडा पडतो, कारण छळाविरुद्ध बंड करता येते. मायेविरुद्ध कसे करावे?

फ्रेंचमधील ‘बॉन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : ‘मोलकरीण’ आणि ‘चांगली’. मालकीण चांगली आहे असे म्हणताना बहिणी तिला आपलेच नाव देतात. मराठीत हा श्लेष साधत नाही. उलट ‘मोलकरीण’ या शब्दात फ्रेंच शब्दाने झाकलेले ‘मोल’ उघड होते. भाषांतरकाराला येथे तोटा होतो तसा लाभही. शिवाय मराठीजवळ ‘बाई’ आहे. घरधनीण बाई, शाळेतल्या बाई, आणि ‘आज आमची बाई आली नाही’ यातलीही बाईच. फरक उरतो तो केवळ क्रियापदाच्या आदरार्थी रूपाचा. क्लेअर-सोलांजची अदलाबदल मराठी रंगभूमीवर या एका शब्दात, ‘आल्या’ आणि ‘आली’ यांच्या अंतरात, घडवता येईल. ‘मॅडम’ हा रूढ पर्याय ती संधी घालवतो.

मालकिणीसाठी केलेला विषारी काढा अखेर मालकिणीच्या वेषातील क्लेअर पिते. खरी मालकीण त्याआधीच प्रियकराला भेटायला निघून गेलेली असते. स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ आपल्या दालनात कसे आले, एवढे मात्र तिने विचारलेले असते.