उसना मेंदू आणि कापडातली माया

आमच्या उल्हासनगरच्या कपाळी एक थट्टा कायमची लिहिलेली आहे. बाहेरगावी कोणी गाव विचारले आणि आपण "उल्हासनगर, कॅम्प एक" असे उत्तर दिले की समोरचा हळूच हसतो आणि म्हणतो, "म्हणजे मेड इन यूएसए!" यूएसए म्हणजे अमेरिका नव्हे, तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा त्यातला विनोद. वरून शिक्का परदेशी आणि आतून माल आपला, असा त्याचा अर्थ. आपणही आता त्या विनोदाला सरावलो आहोत.

परंतु हाच विनोद उलटा होऊन समोर आला, तेव्हा मात्र मी विचारात पडलो. सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' या नावाच्या तीन महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी एक पुण्याच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. कँटीनमध्ये त्यावर बोलणे निघाले असता माझा एक मित्र म्हणाला, "अरे, कसला स्वदेशी घेऊन बसलास? पेटारा आपला, पण आतला प्रोसेसर इंटेलचा. हा तर आपल्या गावच्या मालाचा उलटा प्रकार झाला. वरून शिक्का आपला आणि आतून माल परका!" सगळे हसले. मीही हसलो. पण शहाड स्टेशनवरून घरी चालत येताना ते वाक्य मनात खुपत राहिले. ज्याचा मेंदूच उसना, त्याला आपला म्हणावे की नाही?

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी 'परम'ची थोडी कुळकथा पाहणे आवश्यक आहे. १९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक घेतला. तो मिळाला खरा, पण पुष्कळ अटी घालून मिळाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला त्याहून समर्थ महासंगणक तर मिळालाच नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यास 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांकडे होते. तीन वर्षांत महासंगणक करून दाखवायचा, असा संकल्प होता. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला आणि संकल्प पुरा झाला.

आता यातली खुबी लक्षात घ्या. क्रेसारखा एकच अतिवेगवान मेंदू आपल्याकडे नव्हता. म्हणून सी-डॅकच्या मंडळींनी लहान लहान मेंदू एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घेतले. शंभर हातांनी गोवर्धन उचलावा, तसाच हा प्रकार. त्या लहान मेंदूंचे नाव ट्रान्सप्युटर. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या इनमॉस या कंपनीचे ते अपत्य. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे असत आणि त्यांतून तो शेजारच्या चौघांशी बोलू शकत असे. पूर्ण रूपातील 'परम ८०००' मध्ये असे २५६ ट्रान्सप्युटर होते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच 'परम'चा मेंदू विकत आणलेला होता. माझ्या मित्राचा आक्षेप आजचा नाही. तो १९९१ सालीही घेता आला असता.

पुढे काय झाले? ब्रिटिश सरकारच्या पैशावर १९७८ मध्ये उभी राहिलेली इनमॉस १९८४ मध्ये खाजगी उद्योगसमूहाला विकली गेली आणि १९८९ मध्ये पुन्हा दुसऱ्याला. तिचा पुढचा, अधिक शक्तिमान ट्रान्सप्युटर येणार येणार म्हणून गाजला, पण इतका रेंगाळला की तोवर बाजार पुढे निघून गेला. ज्याच्या मालावर आपले घर बांधायचे त्या व्यापाऱ्याचेच दुकान डळमळू लागले. अशा वेळी पुण्याच्या मंडळींनी काय करावे? रडत बसावे, की दुकान बदलावे?

त्यांनी दुकान बदलले. 'परम ८६००' मध्ये इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडीला आला. तोही फार वर्षे टिकला नाही. मग १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये त्यांनी जे केले ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी यंत्राची रचनाच अशी केली की आतला प्रोसेसर बदलून नवा बसवता यावा. त्या एकाच यंत्राचे एक रूप सन कंपनीच्या सुपरस्पार्कवर चाले, दुसरे अल्ट्रास्पार्कवर आणि तिसरे डिजिटल या कंपनीच्या अल्फावर! त्यानंतर १९९८ मध्ये 'परम १००००' सनच्याच प्रोसेसरवर आला. २००३ च्या सुमारास बंगळूरचा 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर-४ वर चालू लागला आणि जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्याने १७१ वे स्थान मिळवले. २००८ मध्ये पुण्याचा 'परम युवा' इंटेलवर, तर २०२० चा 'परम सिद्धी' एएमडी आणि एनव्हिडिया यांच्या जोडीवर उभा राहिला.

ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण तीच माझा मुख्य मुद्दा सांगते. इनमॉसचे नाव मावळले. डिजिटल कंपनी १९९८ मध्ये विकली गेली आणि अल्फा संपला. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. मेंदू पुरवणारे एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेले. 'परम' मात्र राहिला. मग उसना कोण आणि टिकाऊ कोण?

याचे मर्म मला कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकात सापडले नाही. ते सापडले आमच्या शेजारच्या काकांच्या शिलाई कारखान्यात. दहा मशीनांचा लहानसा कारखाना. पँटी शिवून व्यापाऱ्याला द्यायच्या. एके वर्षी त्यांना चेन पुरवणाऱ्याने ऐनवेळी हात वर केले. दुसऱ्याकडून माल आणला, तर त्या चेनची पट्टी अंमळ रुंद निघाली. कापड आधीच नेमक्या मापाने कापलेले. सगळा गठ्ठा अडला आणि सणाचे दिवस हातचे गेले. त्यानंतर काकांनी कटिंग मास्तरला एकच गोष्ट सांगून ठेवली, "बाबा, कापडात माया सोड. चेन कुणाचीही येवो, पँट आपली झाली पाहिजे."

शिंप्याच्या भाषेत शिवणीपलीकडे राखलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. किती सुंदर शब्द आहे हा! 'परम ९०००' मध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जी सोडली ती हीच माया. प्रोसेसर विकत घेतला, पण असंख्य प्रोसेसर एकत्र जोडण्याची विद्या, त्यांच्यात काम वाटून देणारी आज्ञावली आणि 'परमनेट' नावाची जोडणीची व्यवस्था, हे सारे स्वतः घडवले. चेन दुसऱ्याची असली तरी पँट आपली, ती अशी.

म्हणून माझ्या मित्राला माझे नम्रपणे सांगणे आहे, की सुईपासून दोऱ्यापर्यंत सारे घरी बनवणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. तसे पाहिले तर जगात कोणीच स्वावलंबी ठरणार नाही. एवढी मोठी अ‍ॅपल कंपनी घ्या. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये तिने मोटोरोलाचा प्रोसेसर वापरला, १९९४ मध्ये पॉवरपीसी घेतला, २००५ मध्ये इंटेलकडे जात असल्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये स्वतः आखलेला प्रोसेसर आणला. कोणी तिला परावलंबी म्हणत नाही. खरे स्वावलंबन म्हणजे पुरवठादाराने पाठ फिरवली तरी आपले काम न थांबण्याची तयारी.

परंतु या कौतुकात एक दुखरी बाजू विसरून चालणार नाही, आणि ती आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा लवकर कळावी. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञांची भाषा वेगळी असते. ट्रान्सप्युटरसाठी तर ऑकॅम नावाची एक खास भाषाच निघाली होती. चौदाव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकॅम याच्यावरून तिचे नाव ठेवले होते, हे आपल्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचून मौज वाटेल. ज्यांनी आपले काम सी किंवा फोर्ट्रानसारख्या सर्वत्र चालणाऱ्या भाषांत लिहिले, त्यांना ते थोड्याफार कष्टाने नव्या यंत्रावर नेता येई. पण ज्याने केवळ ऑकॅममध्ये लिहिले, त्याची मेहनत ट्रान्सप्युटरबरोबर अडगळीत जाणार. मेंदू बदलतो तेव्हा त्याची किंमत यंत्र बनवणारा एकटा देत नाही. जुन्या मेंदूसाठी ज्यांनी लिहिले तेही देतात.

उल्हासनगरला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्यांचे आकडे मात्र अजून आपल्या पत्त्यांत आहेत. माझ्या एका वर्गमित्राच्या आजीने जपून ठेवलेली पत्रे मी पाहिली आहेत. ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. नातू घरी सिंधी बोलतो, पण ओळखतो ती फक्त देवनागरी लिपी. आजी गेली आणि पत्रे मुकी झाली. आपल्या मराठीचेही तेच नाही का? मोडी लिपीतील कागदांचे ढीगच्या ढीग दप्तरखान्यांत पडून आहेत आणि ते वाचणारी माणसे मोजकी आहेत. लिपी बदलणे कदाचित अटळ असेल, सोयीचेही असेल. पण जुने वाचून दाखवणारा दुभाषी मागे ठेवला नाही, तर बदल म्हणजे विस्मरण ठरते.

अ‍ॅपलने हे ओळखले होते. इंटेलकडे जाताना जुन्या आज्ञावल्यांचे नव्या प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करणारी एक व्यवस्था तिने दिली आणि तिला 'रोझेटा' हे नाव दिले. ज्या शिलालेखामुळे प्राचीन इजिप्तची लिपी उलगडली, त्या शिळेचे ते नाव! यंत्रांच्या जगातही अखेर भाषांतरकारच उपयोगी पडला, याचा आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटला तर नवल नाही.

यावर कोणी म्हणेल, "पुरवठादार बदलत राहण्यापेक्षा स्वतःचाच प्रोसेसर करा ना!" अवश्य करावा. सी-डॅकने 'वेगा' आणि आय. आय. टी. मद्रासने 'शक्ती' हे प्रोसेसर तयार केले आहेत. महासंगणकाचा भार पेलणे ही पुढची आणि फार मोठी मजल आहे. तरी त्यांतील एक गोष्ट मला मोलाची वाटते. हे दोन्ही प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. आज्ञासंच म्हणजे प्रोसेसरचे व्याकरण समजा. हे व्याकरण कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. मराठी लिहिण्यासाठी आपण कोणाला भाडे देत नाही, तसेच हे. पण उद्या तोही आपला झाला, तरी माया सोडायला विसरू नये. घरचा पुरवठादारही कधीतरी थकतोच.

असो. हा लेख यंत्रांवर लिहिला असला तरी तो मला आपल्या महाविद्यालयाबद्दल लिहावासा वाटला. या वर्षी वार्षिकांकाच्या कामासाठी आम्ही जुन्या अंकांचे संगणकावरील मजकूर उघडायला गेलो, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे! ज्या फॉन्टमध्ये ते टाइप केले होते तो आता कोणाच्याच संगणकावर नाही. ज्या विद्यार्थ्यांनी पहिली कविता, पहिली कथा लिहिली त्यांचे शब्द तिथे आहेत, आणि नाहीतही. छापील प्रती होत्या म्हणून निभावले. युनिकोडसारख्या सर्वमान्य पद्धतीत तेव्हाच जपले असते, तर ही वेळ आली नसती. यंदापासून प्रत्येक लेख त्या पद्धतीत जपावा आणि जुने अंक आम्ही विद्यार्थ्यांनी सुट्टीत बसून पुन्हा टाइप करावेत, अशी माझी प्राध्यापकवर्गाला आणि मित्रांना विनंती आहे. शंभर हात लागले तर काम फार नाही. 'परम'ने तेच तर शिकवले.

आणि परीक्षेचे काय? आपण एकाच गाइडवर, एकाच सरांच्या नोट्सवर वर्ष काढतो. तो पुरवठा बंद झाला की आपले यंत्र थांबते. ज्ञान उसने घ्यावे, त्यात लाज कसली? आपणा सर्वांचे ज्ञान थोडेफार उसनेच असते. पण ते जोडण्याची बुद्धी मात्र आपली असावी.

माझ्या मित्राला आता मी एवढेच सांगेन, "होय रे, मेंदू परका होता. पण तो पाच वेळा बदलून यंत्र चालू ठेवणारी अक्कल आपली होती. आणि शिक्का मारायचाच असेल, तर तो तिच्यावर मारावा."