ब्रेक आधी ट्रॉलीला, मग ट्रॅक्टरला

गळीत हंगाम तोंडावर आलाय. गॅरेजसमोर जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय. नवा रंग, नवा बंपर, मोठा टेप. आणि आता नवी हौस म्हणजे जुन्या २७५ चे ड्राय ब्रेक काढून ऑइल ब्रेक बसवायचे.

ऑइल ब्रेक वाईट नाहीत. ड्राय ब्रेकच्या डिस्का कोरड्या चालतात. चिखलणीत पाणी-माती आत गेली, की एक बाजू धरते, दुसरी सुटते. ऑइल सील गळाला की लायनिंगवर तेल, मग पेडल दाबा नाहीतर नवस बोला. ऑइल ब्रेकच्या डिस्का तेलात बुडालेल्या असतात. उष्णता तेल ओढून घेतं, चिखल आत शिरत नाही, झीज कमी.

पण माझं भांडण वेगळं आहे. ट्रॅक्टर दोन टनांच्या आतबाहेर, आणि मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. त्या ट्रॉल्यांना ब्रेक किती? बहुतेकांना शून्य! मग हा महागडा ब्रेक थांबवणार कुणाला? ट्रॅक्टरची मागची दोन चाकं जाम होतील, ट्रॉल्या येतच राहतील. उतारावर त्या ट्रॅक्टरला ढकलतात, हुकापाशी दुमडतात आणि आडवा करतात.

"आमचा ड्रायव्हर जुना आहे, गिअरमध्येच उतरतो," असं सांगणारे भेटतात. अहो, इंजिनाचा रोधसुद्धा त्याच दोन चाकांतून रस्त्यावर जातो. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित ड्रायव्हरचा अनुभव बघत नाही.

म्हणून पैसा आधी ट्रॉलीवर घाला. ओव्हररन ब्रेकला ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक लागत नाही. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉलीचा दांडा मागे दबतो आणि त्या दाबानेच ट्रॉलीचे ब्रेक लागतात. जुन्या ट्रॅक्टरला सोयीचा. रिव्हर्स घेताना लॉक तेवढा लावावा लागतो.

मग ट्रॅक्टरकडे या. गळका सील बदला. दोन्ही पेडलांचा प्ले सारखा करा. शेतात पेडलं सुटी, रस्त्यावर लॉक लावून जोडलेली, यात हयगय नको. एवढं करून ऑइल ब्रेक बसवलेच, तर तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. भलतं तेल घातलं की ब्रेक ओरडतो नाहीतर घसरतो.

कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन किलोपर्यंत मोजतात, पण ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे कुणी वाकून बघत नाही. बिनब्रेकची ट्रॉली गव्हाणीपर्यंत जाताच कामा नये, ही अट वाहतुकीच्या करारात हवी. आपणही सभेत फक्त दरावर बोलतो. यंदा ब्रेकवरही बोला. त्याच रस्त्याने आपली पोरं सायकलवरून शाळेत जातात.