कोंबडीच्या पोटात पाणी होते तेव्हा

पावसाळा अर्धा सरला की आमच्या रत्नागिरीकडे परसातल्या कोंबड्यांच्या तक्रारी सुरू होतात. कुणाची कोंबडी मान टाकते, कुणाची अंडी द्यायची बंद होते. आज ज्या दुखण्याबद्दल लिहीत आहोत ते जरा निराळे आहे. कोंबडीचे पोट हळूहळू फुगते, ती पाय फाकवून बदकासारखी चालू लागते आणि घरची माणसे कौतुकाने म्हणतात, "चांगली अंगाने भरली हो!" गेल्या पावसाळ्यात हे दुखणे आमच्याच घरी आले. त्याला बहुधा आमचीच चूक कारण झाली, म्हणून ते वाचक बंधू-भगिनींना सविस्तर सांगावेसे वाटते.

आमच्या खुराड्यात आठ कोंबड्या होत्या. अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हाती राहतात आणि त्यातून मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. कोकणातल्या कितीतरी घरांत हेच चालते. त्या आठांत तांबडी सर्वांत गुणाची. श्रावणात तिने अंडी बंद केली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "खुडूक झाली असेल." पण खुडूक कोंबडी अंग फुलवून एका जागी बसते, अंगावर येते. ही चार पावले टाकून धापा टाकत होती आणि तिच्या तुऱ्याचा लाल रंग निळसर पडला होता. आमच्या आईंनी तर सरळ करणीवर बोट ठेवले. आम्ही म्हटले, "आई, करणी कोंबडीच्या पोटात कशाला शिरेल? आधी दवाखाना पाहू."

पोटाला हात लावला तेव्हा आत पाण्याची पिशवी असावी तसे हलले. ही खूण लक्षात ठेवा. अंडे अडकले असेल तर कोंबडी सारखी कुंथते आणि पाठीमागच्या बाजूला टणक गोळा लागतो. नुसती चरबी असेल तर पोट मऊ लागते, पण पाणी हलत नाही. पाणी साठले असेल तर पोट ताणलेले, गरम आणि डुचमळणारे लागते. माणसाला जसा जलोदर होतो, तसाच हा कोंबडीचा जलोदर.

पाणी साठणे हा मूळ रोग नव्हे, आतल्या रोगाची ती खूण आहे. काळीज थकले, यकृत बिघडले, अंड्याचा बलक नळीत न उतरता पोटात सांडून कुजला किंवा अंडाशयात गाठ झाली, तरी पोटात पाणी होते. दुकानातली झपाट्याने वाढणारी ब्रॉयलर पिल्ले हौसेने आणून परसात पाळली, तर त्यांनाही हे होते. त्यांचे मांस इतक्या वेगाने वाढते की काळीज आणि फुप्फुसे त्याला पुरी पडत नाहीत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर येऊन गेले. त्यांनी प्रथम विचारले, "खायला काय घालता?" आम्ही सांगितले, मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड. "पोते दाखवा." पोते पडवीत भिंतीला टेकून होते. पागोळ्यांचे पाणी उडून त्याची खालची बाजू ओली झाली होती. आत हिरवट बुरशीचे गोळे. माणसांच्या खाण्याचे तांदूळ आम्ही आगोटीलाच डब्यांत भरून ठेवले होते. कोंबड्यांचे खाणे मात्र पावसावर सोडले होते.

या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते आणि ते यकृतावरच घाव घालते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष उजेडात आले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत आदिवासी कुटुंबांनी अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. खायला दुसरे नव्हते म्हणून त्यांनी तो मका खाल्ला. आमच्या घरी तर नुसता निष्काळजीपणा होता. हे विष शिजवून किंवा भाजून जात नाही, म्हणून "वरची बुरशी झटकून घाला" हा सल्ला चुकीचा आहे.

आता सुईविषयी. पुष्कळांना वाटते, टोचले, पाणी काढले, कोंबडी बरी झाली. डॉक्टरांनी आमच्यासमोर पाणी काढले, तेव्हा त्यात किती सांभाळावे लागते ते कळले. कोंबडीला उताणे करायचे नाही. पक्ष्यांच्या छातीत आणि पोटात आपल्यासारखा पडदा नसतो. त्यांच्या हवेच्या पिशव्या पोटातही असतात, त्यामुळे उताणी केली की पाणी त्यांवर दाब आणते आणि कोंबडी गुदमरून मरते. आम्ही तिला मांडीवर उभी धरली. डॉक्टरांनी पोटाच्या खालच्या बाजूची थोडी पिसे काढली, जागा औषधाने पुसली आणि नवी निर्जंतुक सुई उजव्या बाजूने, वरवरच टोचली. कोंबडीचे अंडाशय आणि अंड्याची नळी डाव्या अंगाला असते. पेंढ्याच्या रंगाचे पिवळसर पाणी निघाले. त्यांनी ते सावकाश काढले आणि निम्मे निघताच थांबले. एकदम सारे काढले तर कोंबडी धक्क्याने जाते.

पाणी गढूळ, बलकाचे कण असलेले किंवा घाण वासाचे निघाले तर आत अंडे कुजले असे समजावे. रक्त निघाले तर गाठीचा किंवा इजेचा संशय घ्यावा. अशा वेळी उपचार वेगळे असतात. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की सुई घरच्या घरी टोचू नका. आतडे किंवा यकृत टोचले गेले तर दोन दिवसांत जाणारा जीव दोन मिनिटांत जातो. लघवीच्या गोळ्या माणसांच्या औषधांतून काढून देणेही तसेच धोक्याचे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

घरी करण्यासारखे मात्र बरेच आहे. आजारी कोंबडीला वेगळ्या डालग्यात, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवावे, म्हणजे बाकीच्या टोचणार नाहीत. जवळच पाणी ठेवावे, ते तोडू नये. खारवलेल्या मासळीची डोकी, लोणच्याचा खार, खारट उरलेसुरले अजिबात घालू नये, कारण मिठाने अंगात पाणी धरते. ताजी कणी, शिजवलेला भात, हिरवा पाला थोडा थोडा द्यावा. तिला धावडवू नये, पोट दाबू नये. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी किंवा मांस खाऊ नये. कोणती किती दिवस टाळायची ते डॉक्टरांना विचारावे.

तांबडी त्यानंतर महिनाभर बऱ्यापैकी हिंडली, अंगणात मातीत लोळली. मग पोट पुन्हा भरले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, "पाणी काढून तिला आराम पडेल, यकृत नवे होणार नाही." दुसऱ्यांदा पाणी काढले, पण ते आठच दिवसांत साठले. तिला श्वास घेववेना. मुलगी म्हणाली, "अजून एकदा काढू या." आम्ही तिला समजावले की आता काढायचे ते आपल्या समाधानासाठी, तिच्या सुखासाठी नव्हे. डॉक्टरांच्या हातून तिची सुटका केली आणि परसाच्या कडेला खोल खड्डा खणून चुना घालून पुरले. "अजून मांस आहे अंगावर," असे कुणी म्हणाले. आम्ही नाही म्हटले.

बाकीच्या सात वाचल्या. पोते त्याच दिवशी पुरून टाकले होते. आता आम्ही पावसाळ्यात आठवड्यापुरतेच खाणे आणतो. ते झाकणाच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवतो. दाणा दातांखाली कट् करून फुटला तर कोरडा, दबला तर ओला. वास कुबट आला की टाकून देतो.

एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. एकच कोंबडी हळूहळू फुगली तर वरचे सारे लागू. पण एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या अचानक मरू लागल्या, तोंडे सुजली, तुरे निळे पडले, तर हात लावू नका, कापू नका, लगेच दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तो धडा विसरून चालणार नाही.

आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की प्रत्येकीच्या पोटाखालून एकदा हात फिरवून पाहा. आणि त्याआधी पोते उघडून वास घ्या. आम्ही ते श्रावणाआधी केले असते, तर तांबडी कदाचित आजही अंगणात असती.